गावच्या माहितीतला माणूस

मला राग लवकर येतो, हे पेडण्यातल्या निम्म्या संसारी माणसांना ठाऊक आहे, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांनी लहानपणी माझ्या हातचा मार खाल्लेला आहे. पूर्वी मी हे अभिमानाने सांगायचो. आता नुसते सांगतो.

चौतीस वर्षे मी मराठी शिकवले, शेवटची काही वर्षे डिचोलीत आणि त्याआधीची सगळी आमच्याच तालुक्यात. माझे वडीलही मास्तर होते. त्यामुळे निवृत्त झाल्यावर देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या उतरायच्या खोल्यांत, मुलांसाठी रविवारचा वर्ग काढायचे ठरले, तेव्हा गावाने पहिले नाव माझेच घेतले. गरज खरी होती. गावातल्या बऱ्याच बाया हरमलला पाहुण्यांच्या खोल्या झाडायला, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये भांडी घासायला जातात, आणि रविवार हाच त्यांचा सगळ्यात जास्त कामाचा दिवस. मुले घरी मोबाईल घेऊन बसायची. त्यापेक्षा देवळात येऊन चार पुस्तके वाचतील, भजन शिकतील, चित्रे काढतील, असा विचार. पुस्तके एका संस्थेने दिली. पुस्तकांबरोबर वर्ग सांभाळायला त्यांनी एक मुलगी पाठवली. डिचोलीकडची, पंचविशीतली, रविवारी सकाळी स्कूटरवरून यायची. बोलायला हळू. मला वाटले, हिला मी आठ दिवसांत वळण लावीन.

पहिल्याच रविवारी तिने माझ्या हातात चार पानांचा अर्ज ठेवला. नाव, पत्ता, आधी कुठे कुठे काम केले, तिथल्या कोणाला फोन करून विचारता येईल, नात्यात नसलेल्या दोन माणसांची नावे, पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला. इथवर मी चष्मा लावून नीट वाचत होतो. पुढचा प्रश्न होता, लहान मुलांशी वागण्यावरून तुमच्याविरुद्ध कधी तक्रार झाली आहे का. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अर्ज मिटून तिच्यापुढे टाकला.

"सर, हो अर्ज सगळ्यांकच आसा," ती म्हणाली. "पयलो म्हजोच भरला."

"तुझो तू भर गो. तुका हंय कोण वळखता?"

हे मी चित्रे शिकवायला आलेल्या दोन मुलींसमोर आणि पुजाऱ्यासमोर बोललो. तिचे तोंड उतरले. तिने अर्ज उचलला, सरळ केला आणि फाईलमध्ये ठेवला. ती वाद घालायला उभी राहिली असती तर माझा राग तिथेच जिरला असता, मला माझा स्वभाव माहीत आहे. ती गप्प राहिली, म्हणून मी तो राग घरी नेला आणि आठवडाभर पोसला.

पुढच्या आठवड्यात देवळाच्या चौकात देवस्थान समितीची बैठक झाली आणि मी तिथे बोललो. मी चांगला बोलतो. म्हणालो, या गावात माणसाला कागद विचारत नाहीत. कुठच्या वाड्यावरचा, कुठच्या घरातला, देवळात त्या घराचा मान कोणता, एवढे कळले की माणूस कळला. शहरात शेजारी कोण राहतो ते माहीत नसते, त्यांना हे अर्ज शोभतात. आमच्या घरातल्या माणसांनी पोलीस चौकीच्या दारात उभे राहून आपण चोर नाही असा दाखला आणायचा, तर मग देवाला तरी काय तोंड दाखवायचे? माणसे माना हलवत होती. मागे बसलेल्या काही जणांनी टाळ्याही वाजवल्या.

ठरावाची भाषा मीच सांगितली. बाहेरून येणाऱ्यांनी अर्ज भरावा. गावच्या माहितीतल्या व्यक्तींना ही अट लागू राहणार नाही. ती मुलगी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. तिने एवढेच विचारले की मुलांबरोबर असताना दार उघडे ठेवायचे, हा नियम तरी राहील ना. राहील राहील, असे सगळे म्हणाले. मग तिनेही खाली सही केली. मी घरी आलो तो स्वतःची पाठ थोपटतच आलो.

ठरावाप्रमाणे गावातल्या आम्हा पाच-सहा जणांनी नुसती वहीत सही केली. त्या मुलीखेरीज बाहेरचा असा एकच निघाला, बांद्याकडचा एक माणूस. खाणी चालू होत्या तेव्हा डिचोलीत ट्रक चालवायचा, पुढे आमच्याच गावात भाड्याने राहिला. भजनातले मातीचे घुमट सुरेख वाजवायचा. तो दोन वेळा चौकीवर जाऊन आला, तिसऱ्या वेळी दाखला मिळाला, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने दोन्ही हातांनी त्या मुलीला दिला. त्याला काही अपमान वाटलेला दिसला नाही. मला त्याचे हसू आले होते.

मग तो आला. हा आमच्या गावचा. त्याचे घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्याचा आजा माझ्या आजोबांबरोबर भजनाला बसायचा, त्याचे वडील आणि मी एका बाकावर शिकलो. तो स्वतः माझ्या वर्गात दोन वर्षे होता. फोंड्याला दहा-बारा वर्षे पेटी शिकवत होता, आता आईचे वय झाले म्हणून परत आलो म्हणाला. आल्या आल्या माझ्या पाया पडला. बोलणे मऊ, कपडे स्वच्छ, आणि पेटीवर हात असा की ऐकत राहावे. त्याला वर्गावर मीच आणले. तो आल्याने आपल्या वर्गाला तेज आले, असे मी चारचौघांत म्हणालो.

त्या मुलीने मला बाजूला घेतले. "सर, फोंड्याक तो शिकयतालो थंय एक फोन करूं? अर्ज नाका. फकत फोन."

"फोन करून काय विचारतलंस?"

"कित्याक सोडलें, इतलेंच."

मी वही उघडली आणि मीच सांगितलेला ठराव तिला मोठ्याने वाचून दाखवला. वाचता वाचता त्यातल्या शब्दांचे मला कौतुकच वाटत होते. वर म्हणालो की हा फोन त्याच्या कानावर गेला तर त्याच्या वडिलांना मी काय तोंड दाखवू. ते वारून सात वर्षे झाली होती. तिने फोन केला नाही. मी नको म्हटले म्हणून केला नाही.

पेटीच्या आवाजाने माझ्या वाचणाऱ्या मुलांचे लक्ष उडायचे. अग्रशाळेत आमच्या खोलीला लागून एक लहान खोली आहे, तिथे त्याची पेटी ठेवली. पहिले दोन रविवार दार उघडे होते. तिसऱ्या रविवारी मीच ओरडलो, "दार लोटून घे रे." त्याने लोटून घेतले. नियमाची आठवण मला त्या मुलीने करून दिली, तेव्हा मी म्हणालो, "जनेल उघडां आसा मगो." खिडकी उघडी होतीच. ती मागच्या कुळागराकडे, सुपारीच्या बागेकडे, उघडत होती, तिथे कोणी नसते.

वर्गात एक नऊ वर्षांची मुलगी होती. बाप मुरगावला धक्क्यावर कामाला, आठवड्याने घरी यायचा. आई हरमलला खोल्यांचे काम करायची. मुलीचा गळा गोड होता, म्हणून पेटीसाठी तिची निवड मीच केली. वर्ग सुटल्यावर अर्धा तास तिने एकटीने शिकावे असे त्याने सुचवले, आणि त्यालाही मीच हो म्हटले. महिनाभर ती नियमाने आली. मग यायची थांबली. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. गणपतीत तिला सर्वांसमोर गायला उभी करायचे माझ्या मनात होते. माझा बेत मोडायला लागला म्हणून मी चौथ्या रविवारी सकाळी तिच्या घरी गेलो. ती कशी आहे हे बघायला मी गेलो नव्हतो. हे मला पुष्कळ दिवस स्वतःशीही कबूल करता आले नाही.

तिची आई कामावर निघायच्या घाईत होती. डोक्यावर हेल्मेट, हातात डबा. "सर, पोटात दुखता म्हणता. घोवाक सांगून डॉक्टरकडे व्हरूक व्हया."

"काय दुखणा नाय. चुकवण्याची नाटका ती. चौतीस वर्सा पोरांच्या पोटदुख्या बघतंय."

मुलगी दाराच्या आड उभी होती. मी हात पुढे केला. तिने आईकडे बघितले. आई म्हणाली, "जा गो, सर आसत मा वांगडा." मुलीने माझा हात धरला नाही, मी तिचा धरला.

तिच्या घरापासून देऊळ पाच मिनिटांवर आहे. त्या पाच मिनिटांत ती तीनदा चपलेचा पट्टा नीट करायला खाली बसली. पट्टा तुटलेला नव्हता. मला ते दिसत होते. तिसऱ्या वेळी मी तिला दंडाला धरून उठवले आणि म्हणालो, बेगीन चल. शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाला चालत्या पोराची चाल वाचता आली नाही. आली नाही की मी वाचली नाही, ते आजही मला ठरवता येत नाही. अग्रशाळेच्या पायरीवर तो उभा होता. मी मुलीचा हात त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "घे तुझी शिष्या. आता सोडू नको."

असे म्हणालो मी. हेच शब्द.

संस्थेची मुलगी त्या दिवशी थोडी उशिरा आली. आल्या आल्या तिने हजेरीची वही आणि मुले यांचा ताळा घेतला, तसा ती नेहमीच घ्यायची. एक डोके कमी. मग तिने पेटीच्या खोलीचे दार ढकलले. दाराला आतून कडी होती. पेटी वाजत नव्हती. तिने दार वाजवले, मग जोरात वाजवले, मग दोन्ही हातांनी वाजवत राहिली. मी वाचन थांबवून आतून ओरडलो, कित्याक गो एवढो आवाज. दार उघडल्यावर ती मुलीला घेऊन बाहेर विहिरीजवळ जाऊन बसली. तिला पाणी दिले. काही विचारले नाही. तासभर दोघी तशाच बसून होत्या, आणि मग मुलगी आपणहून बोलायला लागली.

ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचे आहे. तिने ते संस्थेच्या मुलीला सांगितले, मग आईला, मग पोलिसांना. त्या रविवारी दार वेळेवर वाजले, एवढे मला नंतर सांगण्यात आले. पण पोटदुखीच्या आधीचा महिना होता, आणि त्या महिन्यात दार कोणीच वाजवले नव्हते. शेजारच्या खोलीत मी वर्ग सुटल्यावर मागे थांबलेल्या मुलांना ऱ्हस्वदीर्घ समजावत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या मुलीने फोंड्याला फोन केला. चार मिनिटांचा फोन. तिथल्या वर्गातून त्याला काढले होते. दोन आईबापांनी तक्रार केली होती, वर्गाचे नाव खराब नको म्हणून त्याला गुपचूप जायला सांगितले होते. कोणी विचारले असते तर आम्ही सांगितले असते, असे तिकडचा माणूस म्हणाला. खरे म्हणाला की खोटे, कोण जाणे. विचारले कुणी नव्हते, हे मात्र खरे.

त्याच संध्याकाळी समितीतले दोघे माझ्याकडे आले. मुलीची आई तक्रारीवर ठाम होती. दोघांतला एक म्हणाला, "सर, तुमच्या शब्दाभायर ती जावची नाय. गावाचा नाव जाता. त्येका गावातसून घालवूया, पण हे पोलीस नको." मी त्यांना दारातून परत पाठवायला हवे होते. मी म्हणालो, बघूया. चहा पाजला आणि बघूया म्हणालो. दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही, आणि त्या दोन दिवसांत गावात पसरले की सर मिटवायचे बघताहेत. ती आई एकटी, आणि ती परगावची मुलगी एकटी, अशा दोघी स्कूटरवरून चौकीवर खेपा घालत होत्या. बांद्याकडचा तो घुमटवाला तेवढा त्यांच्याबरोबर जाऊन बाहेर बसत होता.

तिसऱ्या दिवशी मला जबाबासाठी बोलावले. अधिकारी बाई होत्या. त्यांनी विचारले, या माणसाला तुम्ही कसे ओळखता. मी सांगू लागलो. त्याचा आजा, त्याचे वडील, देवळातला त्यांचा मान, त्यांच्या घरचा गणपती, त्याच्या आईचे माहेर. त्या लिहीत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी पेन खाली ठेवले.

"सर, हें सगळें घराचें जालें. ताचें सांगा."

मी आठवू लागलो. वर्गात तो कितव्या बाकावर बसायचा, तेही मला आठवेना. बारा वर्षे तो फोंड्यात काय करत होता, कुणाबरोबर राहत होता, परत का आला, लग्न का झाले नाही, यातले मी काहीही विचारले नव्हते. माझ्या पाया पडला, एवढीच त्याची स्वतःची म्हणून एक गोष्ट मला माहीत होती. ठराव मीच सांगितला, फोन मीच करू दिला नाही, दार मीच लोटायला सांगितले आणि मुलीला मीच घेऊन आलो, हे मात्र मी लिहून दिले. बाईंनी ते शांतपणे लिहून घेतले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

त्याला अटक झाली, खटला चालू आहे. वर्ग काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाला. आता सगळेच अर्ज भरतात, पुजारीसुद्धा. मला कोणी बोलावले नाही आणि येऊ नका असेही कोणी म्हटले नाही. एकदा संस्थेच्या त्या मुलीला वाटेत गाठून मी म्हणालो की तुझे ऐकायला हवे होते. ती स्कूटरवरून उतरली आणि म्हणाली, "सर, त्या ठरावार म्हजीय सही आसा." मला वाटले होते ती मला माफ तरी करील नाहीतर दोन शब्द सुनावील तरी. ती स्वतःचाच वाटा उचलून उभी राहिली.

त्या लहान मुलीच्या घरी जायला मला पाच महिने लागले. काय बोलायचे ते मी पाठ करून गेलो होतो, वर्गात भाषण पाठ करून घ्यायचो तसे. दुपारची वेळ होती, मुलगी अंगणात सुपाऱ्या उन्हात पसरत होती. मला फाटकाशी बघितल्यावर ती उठली आणि पळत नव्हे, साधी चालत आत गेली. आई बाहेर आली. मी हात जोडले. पाठ केलेले सगळे राहिले आणि मी नुसते म्हणालो, बाय, माझे चुकले.

राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, थकवा होता.

"त्या सकाळी ती माका 'नाका, नाका' म्हणत होती. तुमी येवच्या आदी. मी तिका घरात ठेवन जातलंय होतंय. तुमी इलात म्हणान धाडलंय." मग ती पदराने हात पुसत म्हणाली, "आता तुमी जावा सर. तुमी हंय आसात तवसर ती भायर येवची नाय."

मी फाटक ओढून घेतले आणि निघालो. वळणावर पोचल्यावर मागे बघितले. मुलगी अंगणात आली होती आणि सुपाऱ्या पसरत होती. देवळात जायचा जवळचा रस्ता त्या घरावरून जातो. मी लांबचा धरतो.